आगीत तेल की औषध?

लातूर आणि नांदेड यांच्या दरम्यान वसलेल्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी साठी ओलांडलेल्या गृहस्थाची उमेद ओसरली, थकवा वाढला, की तो एक तर ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसतो, नाही तर कुणाच्या तरी सांगण्यावरून ताकदीचे इंजेक्शन शोधू लागतो. रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक खरोखरच घटले असेल, तर त्यावर उपचार आहे. पण त्याच गृहस्थाला पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल तर? अशा रुग्णाला टेस्टोस्टेरॉन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे वैद्यकशास्त्र कित्येक दशके बजावीत आले. त्या निर्वाळ्याची आता फेरतपासणी होत आहे.

शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले की, वृषणे काढल्यास हा कर्करोग आटोक्यात येतो. या कार्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पसरलेल्या रोगावर संप्रेरक रोखणे हाच आजही मुख्य उपचार आहे. मात्र काढल्याने रोग आवरतो, म्हणून दिल्याने तो भडकलाच पाहिजे, या उलट अनुमानाचा पाया फार तोकडा होता. त्या मूळ अभ्यासात इंजेक्शने तिघांना दिली गेली, निकाल दोघांचेच नोंदले गेले आणि त्यांपैकी एकाची वृषणे आधीच काढलेली होती! बोस्टनचे डॉ. अब्राहम मॉर्गेन्टॅलर यांनी २००६ साली हे निदर्शनास आणले. ग्रंथीची गरज थोड्याच संप्रेरकाने भागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोरडी जमीन पाणी शोषून घेते. भिजलेल्या जमिनीवरून ते वाहून जाते, तसाच हा प्रकार.

परंतु एवढ्यावरून भय संपले असे मानणे हा दुसरा अविचार ठरेल. ‘ट्रॅव्हर्स’ या अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत टेस्टोस्टेरॉनमुळे प्रोस्टेटचा कर्करोग लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांना या रोगाचा धोका अधिक होता, त्यांना चाचणीतून आधीच वगळले होते. शिवाय हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. कर्करोग होऊन गेलेल्यांविषयीचा पुरावा तर त्याहून अपुरा आहे. म्हणूनच युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना सवलत देते ती मोजून मापून: रोग सौम्य होता, शस्त्रक्रियेने निघाला, किमान एक वर्ष त्याचा मागमूस नाही आणि टेस्टोस्टेरॉन घटल्याचा त्रास खरोखर आहे, अशांनाच, तेही सावधपणे. पसरलेल्या रोगात या औषधाला जागा नाही.

या सवलतीचा सगळा भार तपासणीवर आहे. सकाळच्या रक्ततपासणीने कमतरतेची दोनदा खात्री, औषधापूर्वी ‘पीएसए’ चाचणी आणि नंतर ठरलेल्या मुदतीने तिची पुनरावृत्ती, हे सांभाळले नाही तर ‘सुरक्षित’ या शब्दाला अर्थ उरत नाही. मुंबईच्या रुग्णाला हे सोपे आहे. अहमदपूरच्या निवृत्त शिक्षकाला प्रत्येक चाचणीसाठी लातूर किंवा नांदेडची वारी करावी लागली, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती चुकणारच. ही संप्रेरके चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे औषध नियम सांगतात. पुरुषी ताकदीच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही अशा जाहिराती भिंतीभिंतींवर झळकतात.

लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मूत्ररोगतज्ज्ञांनी ठरावीक दिवशी तालुक्याला यावे आणि ग्रामीण रुग्णालयात घेतलेला रक्ताचा नमुना जिल्ह्याला जाऊन अहवाल गावात परत यावा, ही मागणी अवाजवी नाही. ती पूर्ण होईपर्यंत नवे संशोधन शहाण्या डॉक्टरांच्या हाती औषध राहील. दुकानाच्या फळीवरून चिठ्ठीवाचून उचलणाऱ्याच्या हाती मात्र ते आगीत तेलच ठरू शकेल. आरोग्य खात्याने याची दखल वेळीच घ्यावी.