पावसाचा जमाखर्च लिहिणारे गाव



पगार हातात आला की आपण पहिल्यांदा काय करतो? दूधवाला, वाणी, मुलांची फी आणि विजेचे बिल यांचे पैसे आधी बाजूला काढतो. उरेल त्यातून साडीचोळी, सिनेमा, पाहुणेरावळे. त्यातूनही चार नोटा डाळीच्या डब्याच्या तळाशी जातातच! हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण हाच नेम पाण्याला लावणारी माणसे किती असतील? अख्ख्या गावाने तो लावला, असे एक छोटेसे शेतकऱ्यांचे गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. आज त्याची ओळख करून घेऊ.

गावाचे नाव हिवरे बाजार. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरापासून ते सुमारे 17 किलोमीटरवर आहे. वस्ती जेमतेम बाराशे-तेराशे माणसांची. सगळे शिवार मिळून सुमारे 977 हेक्टर. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस सगळा ओतून ढग इकडे येतात ते रिकामेच. त्यामुळे इथे वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस, आणि तोही भरवशाचा नाही.

1972 च्या दुष्काळाने या गावाचे कंबरडे मोडले. सरपणासाठी डोंगर तोडले गेले, उघड्या डोंगरावर पडलेले पाणी मातीसकट वाहून जाऊ लागले, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवू लागल्या. शेत पिकेना म्हणून माणसे मजुरीला शहरे गाठू लागली. मागे उरली ती दारू आणि भांडणे. सरकारी नोकराची इथे बदली झाली तर तो ती शिक्षाच समजे. अशा गावात बाईच्या वाट्याला काय येत असेल, ते मी वेगळे सांगायला हवे का? पाणी नाही म्हणजे चारा नाही, चारा नाही म्हणजे दूध नाही, आणि घरधनी परगावी. हंडा मात्र तिच्याच डोक्यावर!

1989 मध्ये गावाने पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केले. त्यांनी सुरुवात केली ती शाळेपासून. मुलांना बसायला धड जागा नव्हती, ती आधी झाली. लोकांचा विश्वास बसला तो तिथे. 1994 मध्ये गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले आणि पाच नियम पत्करले: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंब नियोजन आणि श्रमदान. डोंगरउतारावर आडवे समतल चर खोदले, बांध घातले, पाझर तलाव केले, झाडे लावली. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावले, चालणाऱ्याला थांबायला लावले आणि थांबलेले जमिनीत मुरवले. एवढेच तंत्र, बरे का!

नियम ऐकायला सोपे वाटतात. पण ज्यांचे पोट मोकळ्या चरणाऱ्या शेळ्यांवर होते, त्यांना चराईबंदी किती जड गेली असेल? डोंगरावर गवत वाढू लागले, तेव्हा ते कापून आणून गोठ्यात घालायची मुभा मिळाली; हळूहळू गाईम्हशी आल्या. नव्वदीच्या मध्यात गावात रोज दीडशे लिटरच्या आसपास दूध निघे, ते पुढच्या पंधरा वर्षांत 4,000 लिटरपर्यंत गेले. शहरात गेलेली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड आवरून परत आली. गावाने आणखी एक शहाणा नियम केला: लग्नाआधी एड्सची तपासणी व्हायलाच हवी. लेकीच्या आईला या नियमाचे मोल सांगायला नको!

पण मला या गावाचे खरे कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. पाणी आल्यावर माणसे सैल सुटतात. या गावाने तेव्हाच वही उघडली. 2004 पासून इथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकावर पाऊस मोजायचा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होते. म्हणजे 300 मिलिमीटर झाला तर साऱ्या शिवारात सुमारे 293 कोटी लिटर! आकडा भला मोठा दिसतो, पण त्यातले उन्हाने उडते किती, वाहून जाते किती, माती शोषते किती, ते वजा करायचे. उरले ती आपली मिळकत.

मग खर्च. पहिला मान माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा. त्यानंतर घरगुती वापर. राहिलेल्यातले 70 टक्के शेतीला आणि 30 टक्के जमिनीच्या पोटात शिलकीला. हा आपला डाळीचा डबा! हिशेब ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडला जातो, आणि यंदा कुठली पिके घ्यायची ते त्यावरून ठरते. पाऊस कमी तर जास्त पाण्याच्या पिकाला हात लावायचा नाही. ऊस आणि केळी तर नकोतच. आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, मग खिशात कितीही पैसा असो.

या शेवटच्या नियमावर सारे उभे आहे. वरची जमीन माझ्या नावावर असली, तरी खालचे पाणी कुंपण ओळखत नाही. मी खोल गेले की शेजारणीची विहीर आटते. हे गावाला उमगले, म्हणून 2007 चा राष्ट्रीय जल पुरस्कार त्याच्याकडे आला आणि 2020 मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली.

ही समज आपल्याकडेच आहे असेही नाही. इंडोनेशियातल्या बाली बेटावर भातशेती करणाऱ्या गावांत ‘सुबक’ नावाची फार जुनी रीत आहे. एका पाटावर ज्यांची शेते, त्या साऱ्यांची एक मंडळी. त्यांचे देऊळही एक. कुणाच्या शेतात पाणी केव्हा सोडायचे, ते सारे मिळून ठरवतात. 2012 मध्ये युनेस्कोने ही रीत आणि तिथली शेते जागतिक वारशाच्या यादीत घेतली. पाणी सगळ्यांचे, म्हणून हिशेबही सगळ्यांचा, हे दोन्हीकडे सारखेच.

आणि आपल्याकडे? दौलताबादच्या रस्त्यावरचे आमचे पडेगावही मुळात शेतीचेच गाव. आता महापालिकेत आले, वावरांच्या जागी कॉलन्या झाल्या. जायकवाडीचे पाणी नळाला आठ-आठ दिवसांनी येण्याचे दिवस छत्रपती संभाजीनगरकरांनी पाहिले आहेत. पाच माणसांचे घर, 1000 लिटरची टाकी आणि आठवड्याने नळ, म्हणजे माणशी रोज 28 लिटरच! शहराची पाणी योजना आखताना माणशी 135 लिटर धरतात. मग जो तो बोअर घेतो, ती आटली की आणखी खोल, नाहीतर टँकर. ज्याच्याकडे पैसा त्याला पाणी, असे होऊन बसते. म्हणून मैत्रिणींनो, वही आपणच उघडू या.

एक आठवडा रोज किती बादल्या कुठे गेल्या, ते लिहा. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री पातेले ठेवा आणि सकाळी मापून बघा. कपडे खळबळलेले पाणी फरशीला आणि संडासाला, तांदूळ-भाजी धुतलेले कुंड्यांना. पिण्याचे पाणी मात्र आधी बाजूला काढा. गावाने तेच केले ना?

आता गच्ची. 20 फूट बाय 30 फूट गच्ची म्हणजे सुमारे 55 चौरस मीटर. एक मिलिमीटर पावसाचे तिथे 55 लिटर होतात. वर्षभरात 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर 38,500 लिटर! पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी 30,000 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे सहा टँकर. पावसाळ्याआधी गच्ची झाडून-धुऊन घ्या, नळीच्या तोंडाला जाळी लावा, पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या. नंतरचे पाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून बोअरजवळ जिरवा. टाकीत साठवले तर वापरायला घ्या; शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

आणि कॉलनीच्या सभेला फक्त यजमानांना धाडून आपण भजी तळत बसू नये! घरात पाणी कुठे किती लागते, ते आपल्याइतके कुणाला ठाऊक असते? वही घेऊन जा. नवी बोअर घेण्याआधी जुनीत पाणी जिरवायचे, एवढा एक ठराव तरी मांडा. विरोध होईल. हिवरे बाजारलाही सगळे एका दिवसात पटले नव्हते.