ब्योमकेशचे खोटे नाव आणि आपले लपवलेले आडनाव



गेल्या रविवारी गंगापूरच्या विहारात वंदना आटोपली आणि तरुणांमध्ये वाद जुंपला. वाळूजला रात्रपाळी करून थेट विहारात आलेला एक जण, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोघे आणि पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी. विषय होता ब्योमकेश बक्षी. दूरदर्शनवरचा रजित कपूर खरा ब्योमकेश, की २०१५ च्या सिनेमातला सुशांतसिंह राजपूत? तिथून गाडी शेरलॉक होम्सवर गेली. जेरेमी ब्रेट की बेनेडिक्ट कंबरबॅच? शेवटी सगळे आमच्याकडे वळले, "दादा, तुम्हीच सांगा, भारी कोण?"

आमच्यातल्या काही ज्येष्ठांना हा वाद रुचला नाही. समाजावर रोज अत्याचार होत असताना पोरे मालिकांवर भांडतात, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला तसे वाटत नाही. दोन कलाकृती शेजारी ठेवून कोणती बरी आणि का बरी हे सांगू पाहणारा तरुण चिकित्सा करायला शिकत असतो. चिकित्सा हाच तर आपल्या चळवळीचा पाया आहे. आमची तक्रार एवढीच आहे की ही तुलना अर्ध्यावर थांबते. नट, आवाज, धोतर, कोट, पार्श्वसंगीत यांवर तास जातो आणि मुख्य प्रश्न राहून जातो. या कथांमध्ये बघणारा कोण आहे, आणि बघितला जातो तो कोण?

आधी थोडी माहिती एकत्र करू. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये बंगालीत ब्योमकेश जन्माला घातला. १९६७ मध्ये सत्यजित राय यांनी 'चिडियाखाना' केला, त्यात उत्तमकुमार ब्योमकेश झाले. १९९३ मध्ये बासू चॅटर्जींची मालिका दूरदर्शनवर आली. रजित कपूर ब्योमकेश आणि के. के. रैना अजित. खेड्यापाड्यात ब्योमकेश पोहोचला तो या मालिकेमुळे. आमच्या पिढीने ती खऱ्या अर्थाने पाहिली मार्च २०२० च्या टाळेबंदीत, दूरदर्शनने पुन्हा दाखवली तेव्हा. २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींनी ब्योमकेशला दुसऱ्या महायुद्धातल्या कलकत्त्यात नेऊन ठेवले. होम्स तर १८८७ पासून आहे. ब्रेटने १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षे तो साकारला. २०१० साली बीबीसीने त्याच्या हातात मोबाईल दिला. २०१२ च्या अमेरिकन मालिकेत डॉ. वॉटसन चक्क एक बाई झाली आणि ती भूमिका चिनी वंशाच्या ल्यूसी ल्यू यांनी केली. तेव्हा अनेक चाहते खवळले. मूळ पुस्तकात असे नाही, हा त्यांचा आक्षेप.

या आक्षेपापाशी आपण थांबले पाहिजे. रविवारच्या वादातही सगळ्यात जोरात वाजलेला मुद्दा हाच होता. रजित कपूर श्रेष्ठ, कारण तो पुस्तकाबरहुकूम आहे. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते बरोबर, ही कसोटी आपल्याला चांगली ओळखीची आहे. तिलाच शब्दप्रामाण्य म्हणतात. तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच, की ग्रंथात आहे किंवा परंपरेने चालत आले आहे एवढ्यावरून काही मानू नका, तपासून पाहा. धर्मग्रंथाला जी कसोटी लावली ती गुप्तहेरकथेला लावायला हरकत काय? मूळ कथेशी इमान राखले की नाही यापेक्षा मूळ कथेतल्या अन्यायाचे पुढच्या दिग्दर्शकाने काय केले, हे आपण बघावे.

अन्याय म्हणजे नेमका कोणता? होम्सची कीर्ती कशावर उभी आहे ते आठवा. समोरच्या माणसाचे हात, बूट, चाल, कपडे बघून तो त्याचा धंदा, गाव, पूर्वायुष्य सांगतो. वॉटसन पहिल्यांदा भेटतो तेव्हा हा अफगाणिस्तानातून आला, हे तो ओळखतो. आपण टाळ्या वाजवतो. पण मित्रहो, असे ओळखणारे लोक आपल्या तालुक्यात गल्लोगल्ली आहेत! "नाव काय? पूर्ण नाव? आडनाव? गाव कोणते? गावात घर कोणत्या बाजूला? घरात फोटो कुणाचा?" पाच प्रश्नांत जात हातात. भाड्याची खोली असो, लग्नाचा मांडव असो, नवी नोकरी असो, हा तपास रोज चालतो. त्यासाठी भिंग लागत नाही आणि बेकर स्ट्रीटही लागत नाही. आपण आयुष्यभर या तपासाचे विषय राहिलो आहोत. म्हणून पडद्यावरचा हुशार माणूस दुसऱ्याला नखशिखांत न्याहाळतो तेव्हा आपल्याला कौतुकाबरोबर थोडे अस्वस्थही वाटले पाहिजे.

हे ओढूनताणून आणलेले नाही. १८९० च्या 'द साइन ऑफ फोर' या होम्सकथेत टोंगा नावाचा एक अंदमानी आदिवासी आहे. तो एकटाच क्रूर दाखवलेला नाही, त्याची सगळी जमातच हिंस्र असल्याचे वर्णन आहे. त्याआधी एकोणीस वर्षे, १८७१ मध्ये, ब्रिटिशांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा केला होता. जन्माला येणारे मूलच गुन्हेगार, असे सांगणारा कायदा. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले आणि पारधी वस्तीवरचा पोलिसांचा संशय आजही रद्द झालेला नाही. कादंबरी आणि कायदा एकाच नजरेतून निघाले होते. तेव्हा होम्सच्या चाहत्यांनी एकमेकांना जरूर विचारावे, या कथेच्या पडद्यावरच्या रूपांत टोंगाचे काय झाले? त्याला माणूस म्हणून एखादे वाक्य मिळाले का?

आता ब्योमकेशकडे येऊ. त्याची एक प्रसिद्ध कथा 'सत्यान्वेषी'. मालिकेचा पहिला भागही तोच. एक तरुण कलकत्त्याच्या एका मेसमध्ये जागा शोधत येतो. नाव सांगतो अतुलचंद्र मित्र. जागा शिल्लक नसते, तर अजित आपल्या खोलीतच त्याला सामावून घेतो. नंतर कळते की हा ब्योमकेश, तपासासाठी खोटे नाव घेऊन आलेला. वाचक खूश, अजित खूश, दोघांची जन्माची मैत्री. कुणीही त्याला लबाड म्हणत नाही. 'चिडियाखाना'मध्ये तर उत्तमकुमार जपानी बनून जातात. होम्स कधी मोतद्दार होतो, कधी पाद्री. वेषांतर हे गुप्तहेराचे कौशल्य मानले जाते.

याच जागी आम्हाला १९१७ चे बडोदे आठवते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत सोय झाली, पण नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. खोटे नाव घेऊन आमची जागा विटाळली, हा गुन्हा. संध्याकाळपर्यंत चालते व्हायचा हुकूम झाला. जगातल्या एका मोठ्या विद्यापीठातून आलेला हा विद्वान त्या दिवशी कामाठी बागेत तास न् तास बसून राहिला.

दुसरा प्रसंग तर आपल्या दारातला, १९३४ चा, दौलताबादचा. बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. निजामाच्या मुलखातली अस्पृश्यता ठाऊक असल्याने शक्यतो ओळख लपवून प्रवास करायचे ठरले होते. पण दौलताबादच्या आपल्या लोकांना ते येणार हे कळले होते आणि तिथे ओळख उघड झाली. किल्ल्याच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून शिव्यागाळ झाली. पुढे किल्ला पाहतानाही पाण्याला शिवू नयेत म्हणून मागे शिपाई चालत होता. गंगापूरहून सहली काढून आपण तो किल्ला बघायला जातो. पोरांना तोफ दाखवतो. तो हौद कितीजण दाखवतात?

आता या गोष्टी शेजारी ठेवा. ब्योमकेशने नाव बदलले आणि त्याला खोली मिळाली, मित्र मिळाला, कीर्ती मिळाली. बाबासाहेबांना नाव बदलावे लागले आणि काठ्या मिळाल्या. फरक हुशारीचा होता का? आजही आमच्याकडची मुले शिकायला छत्रपती संभाजीनगरला जातात तेव्हा काहीजण घरमालकाला आडनाव सांगत नाहीत, वडिलांचे नाव सांगून वेळ मारून नेतात. आम्हीही शिकत असताना हे केले आहे. सामान लावताना पेटीतून बाबासाहेबांचा फोटो निघाला आणि त्याच आठवड्यात घरमालकाला 'पाहुणे येणार' म्हणून खोली हवी झाली. अशा वेळी समाज विचारतो, "आडनाव लपवता कशाला? खोटे कशाला बोलता?" गुप्तहेर खोटे बोलला तर बुद्धी, आपला विद्यार्थी खोटे बोलला तर फसवणूक! ब्योमकेशची कोणतीही आवृत्ती बघताना हा प्रश्न मनात जागा ठेवा. ज्याला नाव परत घेताना काही गमवावे लागत नाही, त्याच्यासाठीच वेषांतर हा खेळ असतो.

म्हणून आम्ही त्या तरुणांना २०२३ ची 'दहाड' ही मालिका पाहायला सांगितले. ती कोणत्या जुन्या कथेवर बेतलेली नाही, तरी या तुलनेत तिला जागा आहे. राजस्थानातली अंजली भाटी ही पोलीस अधिकारी बेपत्ता बायकांच्या खुनांचा माग काढते. तिचे मूळ आडनाव मेघवाल. वडिलांनी ते बदलून भाटी केले होते. ती ठाण्यात जवळून गेली की एक सहकारी अगरबत्ती पेटवतो. बघणारी अधिकारी स्वतःच रोज बघितली जाते. तिला त्या मेलेल्या बायकांच्या घरातली गप्प बसलेली माणसे समजतात, कारण गप्प का बसावे लागते हे तिला कळते. शेवटी ती आपले मूळ आडनाव परत घ्यायला निघते. या मालिकेतही दोष आहेत. मुख्य भूमिकेत सोनाक्षी सिन्हा आहेत, आणि आपली कथा सांगणाऱ्यांत आपली माणसे किती, हा प्रश्न इथेही उभा राहतोच. तरीही होम्स-ब्योमकेशच्या गोष्टीतली खुर्ची इथे थोडी सरकली, हे मान्य करावे लागेल.

कुणी म्हणेल, करमणुकीत एवढे कशाला शोधायचे? तर शोधायचे ते पुढच्या कारणासाठी. ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' शब्द आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, सत्य शोधणारा. त्याच्या जन्माआधी जवळजवळ साठ वर्षे, २४ सप्टेंबर १८७३ ला, जोतिराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. अर्थ तोच, काम वेगळे. सत्यान्वेषी विचारतो, खून कुणी केला? सत्यशोधक विचारतो, खुनाला धर्म कुणी म्हटले? बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्य मूळचे कोण या विषयावर ग्रंथ लिहिला. पुरावे नष्ट झालेले, दुवे तुटलेले. उरलेल्या खुणा जुळवून त्यांनी तर्काने माग काढला. आपल्या समाजाला गुप्तहेराची परंपरा नाही असे कोण म्हणतो?

आणि गुप्तहेरकथेत जो प्रश्न सगळ्यांत मोठा असतो, तोच आपल्या खटल्यांत हरवतो. तो म्हणजे हेतू. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो हे मानले नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयातही जातीचा हेतू मान्य झाला नाही. कुणी मारले ते ठरले, का मारले ते निकालातून गळाले. कोणत्याही ब्योमकेशकथेत हेतू न सांगता शेवट केला असता तर आपण पुस्तक फेकून दिले असते.

त्या रविवारी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, "दादा, भारी कोण ते जाऊ द्या. पंचनामा कसा लिहितात ते कुणाला येतं का इथं?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याही अंगावर काटा आला. कारण अत्याचार झाल्यावर मोर्चा काढणारे आमच्याकडे शंभर आहेत. पहिल्या दोन दिवसांत घटनास्थळाचे फोटो काढणारा, साक्षीदारांची नावे लिहून ठेवणारा, फिर्यादीत जातिवाचक शब्द जसेच्या तसे आले की नाही ते वाचून बघणारा, फिर्यादीची प्रत मागून घेणारा एखादाच. ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि आरोपपत्र साठ दिवसांत द्यायचे असते, हे किती कार्यकर्त्यांना पाठ आहे? हेतू कोर्टात टिकतो तो पहिल्या कागदावर लिहिलेला असेल तर.

तेव्हा मित्रहो, मालिका बघा, मनसोक्त भांडा. आमचे मत विचाराल तर आम्हाला अजूनही रजित कपूरच आवडतो, त्याच्या शांत बघण्यासाठी. पण बघून झाल्यावर तीन प्रश्न विचारा. यात संशय आधी कुणावर घेतला गेला? नाव लपवल्याची शिक्षा कुणाला झाली? आणि बघणाऱ्याच्या खुर्चीत आपल्यातले कुणी बसले का?

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात फिर्याद आणि पंचनामा वाचायला शिकणार आहोत. एक वकील मित्र येणार आहेत. वही-पेन घेऊन या. आजवर आपल्याला खूप जणांनी न्याहाळले. आता आपण बघायला शिकू.

जय भीम! जय संविधान!