सॉफ्टवेअर बदलता आले पाहिजे

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेले मराठी पत्र आजच्या संगणकावर उघडले, की अनेकदा पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अगम्य रांग उमटते. त्या काळी फॉन्ट विकणारी प्रत्येक कंपनी ‘क’साठी कोणता क्रमांक वापरायचा हे स्वतःपुरते ठरवत असे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे आणि तिथे ‘क’चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कोणाचाही असो. पण युनिकोड रुळेपर्यंत कितीतरी मजकूर त्या खासगी क्रमांकांत अडकून पडला होता. बँका, महापालिका, कारखाने आज याच चुकीची मोठी आवृत्ती विकत घेत आहेत. लेखा, पगार, साठा, ग्राहकांच्या नोंदी असे सगळे एकाच पुरवठादाराच्या गुप्त रचनेत जाते. पुढे त्याने दर वाढवले, तरी संस्थेला निमूट पैसे मोजावे लागतात. यंत्रणा लवचीक हवी असेल, तर तिच्या भागांमधली देवाणघेवाण सर्वांना खुल्या असलेल्या मानकांनुसार व्हायला हवी. मग एखादा भाग काढून दुसरा बसवता येतो.

२०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये याची झलक दिसते. प्रत्येक बँकेची आतली यंत्रणा वेगळी, तरी संदेशाची रचना समान. म्हणून ग्राहक खाते तेच ठेवून ॲप बदलू शकतो. यूपीआयचे नियम एकच संस्था ठरवते, त्यामुळे त्याला पूर्ण अर्थाने खुले मानक म्हणता येणार नाही. तरीही सामायिक नियमांनी ग्राहकाच्या हाती किती बळ येते, हे त्यातून कळते.

आक्षेप घेणारे म्युनिक शहराचा दाखला देतात. तिथल्या पालिकेने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. पण खुले सॉफ्टवेअर आणि खुली मानके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजवरच चालणारे प्रोग्राम आणि बाहेरून येणाऱ्या फायलींची न जुळणारी मांडणी, या तिथल्या नेहमीच्या अडचणी होत्या. खुली मानके नसल्याने संस्था कशी अडकते, याचाच तो पुरावा ठरतो. सुरुवातीला खर्च आणि वेळ जास्त लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. तो खर्च करावाच, कारण बाहेर पडण्याची किंमत पुरवठादाराने ठरवायची वेळ आली की घासाघीस संपलेली असते.

ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे केंद्राचे धोरण २०१०पासून आहे. सहकारी बँका आणि खासगी उद्योगांनी ते आपणहून टेंडरमध्ये उतरवावे, आणि शेवटचे बिल देण्यापूर्वी सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरून दाखवण्याची अट घालावी.