सहा करंडक, एकच माप?
चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली तीन संघांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला: मुंबईने तीनदा, विदर्भाने दोनदा, मध्य प्रदेशने एकदा. आकडा थोरच, पण सगळे करंडक एकाच मापाने मोजणं मला पटत नाही. २०१५-१६चं विजेतेपद मुंबईचं एकेचाळिसावं होतं. विदर्भ तर २०१७-१८पूर्वी कधी अंतिम फेरीतही पोचला नव्हता. विदर्भाचा तो पहिला करंडक अधिक मोलाचा धरायला हवा. आणि प्रशिक्षकाचं श्रेयच मोजायचं तर इथे पावस गावात शाळेच्या मैदानात पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या सरांचं काय? पोर चमकलं की रत्नागिरी-मुंबईचा संघ त्याला नेतो, पुढचे सगळे विजय तिथल्या प्रशिक्षकाच्या नावावर चढतात. खेळाडूच्या नोंदीत पहिल्या शिक्षकाचं नाव लिहिणं सक्तीचं करा, ही माझी मागणी आहे.