ते ‘पडलेले’ नसतात

२०२४च्या डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीला, केसनंद फाट्यावर, रात्री एक डंपर फूटपाथवर चढला. तिथं अमरावतीहून कामासाठी आलेले मजूर बायकापोरांसह झोपले होते. तिघं दगावली, त्यांत दोन अगदी लहान लेकरं. सहा जण जखमी झाले. पुढं एका ओळखीच्या घरी या बातमीचा विषय निघाला. चांगली, अडीअडचणीला धावून जाणारी माणसं ती. तिथं पहिलं वाक्य कानावर पडलं ते हे : “पण मुळात ते तिथं झोपलेच कशाला?”

त्या दिवशी मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख.

झोपले कारण सकाळी काम मिळायचं ठिकाण तिथून जवळ होतं. हे उत्तर माझं नाही, चाळीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. जुलै १९८१मध्ये अंतुले सरकारनं मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांना उठवून गावी धाडायचं ठरवलं. भर पावसात हे सुरू झालं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फूटपाथवर राहणारे काही जण न्यायालयात गेले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानं स्पष्ट म्हटलं, की ही माणसं कामाजवळ राहतात. जागा गेली की रोजगार जातो, आणि रोजगार हिरावणं म्हणजे जगणंच हिरावणं. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, हे या देशात ठरलं ते फूटपाथवरच्या माणसांच्या खटल्यात. त्याच निकालानं त्यांना उठवायला मुभाही दिली, हे दुःख वेगळं. पण ‘कशाला झोपले’ या प्रश्नाचा निकाल तेव्हाच लागला आहे.

तरी तो पुन्हापुन्हा विचारला जातो. मला वाटतं, याचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. आपण रात्री झोपतो, फूटपाथवरचा माणूस मात्र ‘पडलेला असतो’. आपलं सामान असतं, त्याचा पसारा असतो. वर्तमानपत्रं उघडा : पुलाखाली भिकाऱ्यांचा ‘सुळसुळाट’, स्टेशनला गर्दुल्ल्यांचा ‘विळखा’. सुळसुळाट हा शब्द उंदीर-झुरळांचा, विळखा सापाचा. ज्याला भाषेनं आधी झुरळ केलं, त्याला पहाटे पाण्याचा फवारा मारून उठवताना कुणाचा हात थरथरणार? आणि ‘जागा साफ केली’ असं म्हणताना आपण नेमकं काय साफ केलं, हे कुणी विचारत नाही. एखाद्या बाईची चूल असते त्यात, पोराचं दप्तर असतं, आधार कार्ड ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी असते. ती पिशवी गेली की रेशनपासून दवाखान्यापर्यंत सगळ्या रांगांत ती बाई पुन्हा शेवटी जाते.

दुसरा आक्षेप : “सरकारनं निवारे बांधलेत, यांनाच जायचं नसतं. सवय झाली आहे उघड्यावरची.” राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं निकष घालून दिला होता, की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर जणांचा, बारमाही चालणारा एक निवारा हवा. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या आसपासही पोचलेला नाही. त्याच जनगणनेनं २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले; पुलाच्या आतल्या बाजूला, बंद दुकानाच्या फळीवर किंवा रात्रपाळीला असलेले त्यात किती निसटले असतील, हे ज्यानं रात्रीचं शहर पाहिलं आहे त्यानंच ठरवावं. आणि समजा निवारा आहे, रिकामाही आहे. पण तिथं पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. नवराबायको आणि दोन मुलं यांनी चार रात्री कुठं काढायच्या? लग्नाच्या केटरिंगला ताटं वाढून रात्री दोनला सुटणाऱ्याला तेव्हा दार कोण उघडणार? हातगाडी कुठं लावायची? या अडचणी सोडवून दाखवा आणि मग सवयीबद्दल बोला. पहिल्या पावसात निळ्या ताडपत्रीखाली लेकराला पोटाशी धरून उभ्यानं रात्र काढायची सवय कुणालाही होत नसते.

आता तिसरा, सगळ्यांत जोरात मांडला जाणारा मुद्दा : “हे व्यसनी असतात, नाहीतर वेडे.” काही असतात. ते नाकारून करुणेचं काम सोपं होत नाही. पण यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता? रोज रात्री लाथेच्या भीतीनं अर्धवट झोपणाऱ्याच्या हाताला नशा का लागते, हे कळायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. आणि मनोरुग्णांबद्दल : डॉ. भरत वाटवानी यांना एकदा रस्त्याकडेला एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटाराचं पाणी पिताना दिसला. उपचारांनंतर कळलं, तो विज्ञानाचा पदवीधर, घर आंध्रात. तिथून सुरू झालेल्या त्यांच्या श्रद्धा संस्थेनं कर्जतच्या केंद्रातून हजारो जणांना घरी पोचवलं. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण ‘वेडा पडलाय तिथं’ म्हणून ओलांडलं, त्यांची आई कुठंतरी गावात वाट पाहत होती.

कायदाही आपल्याच बाजूचा. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार हात पसरलाच पाहिजे असं नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी नुसतं वावरलात, तरी तुम्ही भिकारी. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हापुन्हा सापडलात तर दहा वर्षांपर्यंत. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरती यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. ज्या शहराचं नाव या कायद्याला आहे, त्या शहरानं हे काम दिल्लीच्या आधी करायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

मग बोलायचं कसं? ‘बिचारे’ म्हणूनही नाही. परळला टाटा रुग्णालयाबाहेर गावाकडचे शेतकरी आपल्या माणसाच्या केमोथेरपीसाठी कित्येक आठवडे फूटपाथवर काढतात. गावी घर आहे, बैल आहेत. त्यांच्यापुढं नाणं टाकणाऱ्याला वाटतं आपण दया केली. त्या गृहस्थाला मात्र त्या क्षणी मान खाली घालावी लागते. त्याला हवी असते खोली, औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर वाचून देणारं कुणीतरी, आणि ‘काका, पेशंट कसा आहे?’ एवढी चौकशी. गाडगेबाबांना हे पक्कं ठाऊक होतं. अंगावर चिंध्या वागवणाऱ्या या माणसानं देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या; पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं बांधली. त्यांच्या दशसूत्रीत बेघराला आसरा देणं हे एक सूत्र आहे, आणि ते अन्नपाण्याच्या बरोबरीनं येतं. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना जागा देते. महाराष्ट्राला करुणा बाहेरून शिकायची नाही, विसरलेली आठवायची आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. माणूस जे काम करतो त्या कामानं त्याला ओळखा : हमाल, फुलवाली, नाक्यावरचा गवंडी, केटरिंगचा वाढपी. ‘बेघर’ ही त्याची आजची अडचण आहे, जात नव्हे. ही शेवटची गोष्ट जपून सांगतो, कारण फासेपारध्यांच्या बाबतीत आपण तसंच केलं. १८७१च्या कायद्यातून इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवण्याची जी रीत आणली, तिचा शिक्का या जमातीवरही बसला. १९५२ साली तो कागदावरून पुसला गेला, पण मुंबईच्या सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी पोरीकडं बघणाऱ्या नजरेतून अजून नाही.

आणि ज्यांना वाटतं, पत्ता नाही तो नागरिक कसला, त्यांनी निवडणूक आयोगाचा नियम पाहावा. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल, तर घराचा कागद लागत नाही. अर्जात तो झोपायची जागा लिहितो. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यानं रात्री स्वतः तिथं जायचं, एकाहून अधिक रात्री, आणि तो माणूस खरंच तिथं झोपतो का हे पाहायचं. दिसला, की पत्त्याच्या रकान्यात ती जागा. अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ, राहणार मुंबई.