मोठे चाक म्हणजे उंच गाडी नव्हे

मा. संपादक,
‘मोठी चाके बसवली की एसयूव्ही उंच होते आणि खड्डे सोसते’ हे आपल्या लेखातले विधान चुकीचे आहे. २१५/६५ आर१६ च्या जागी २२५/५० आर१८ टायर घातला, तर चाकाचा एकूण व्यास ६८६ मिलिमीटरवरून ६८२ वर येतो. गाडी उलट दोन मिलिमीटर खाली बसते. टायरच्या बाजूची उंची मात्र १४० वरून ११२ होते, आणि दणका झेलते ती हीच गादी. पावसाळ्यात शिरोडा-रेडी वाटेवर पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात मी बसवलेले एक मोठे अलॉय चाक असेच वाकले, टायरला फुगा आला. वळणावर पकड सुधारते, हे मान्य. पण सपाट, कोरड्या डांबरावर. मूळ मापाचीच चाके मी परत चढवली आहेत.
— एक वाचक, शिरोडा (ता. वेंगुर्ले)