रोम बघायला तेरला चला, पण जरा बेतानं



सहलीचा हंगाम आला की आपल्या सगळ्या शाळांत एकच चर्चा रंगते. यंदा कुठं? मग वॉटर पार्क, महाबळेश्वर, फार तर वेरूळ. एसटीचं बुकिंग, पालकांची संमतीपत्रं, डब्यात काय द्यायचं, आणि गाडी लागणाऱ्या लेकरांसाठी पुढची सीट. हे सगळं मीही वर्षानुवर्षं करत आलोय, त्यामुळं कुणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट मनात सलते, ती बोलून टाकतो.

मागे एका वर्गात विचारलं, जगात कुठं जायला आवडेल? एका मुलीनं सांगितलं, रोम. मोबाईलवर तिनं ते मोठं गोल पडकं मैदान बघितलेलं. म्हणाली, "सर, आपल्याकडं असलं काहीच न्हाई. आपलं सगळं मागासच." सातवीतली पोर! 'मागास' हा शब्द ती कुठं शिकली? आपल्याच तोंडून ना? पेपरात, भाषणात, घरी ओट्यावर मराठवाडा म्हटलं की तोच शब्द असतो. तिला उत्तर म्हणून मी तेरचं नाव घेतलं, तर वर्गातल्या निम्म्या मुलांनी हात वर केले. गोरोबाकाकांच्या दर्शनाला ती जाऊन आलेली होती. वस्तुसंग्रहालयात गेलेली दोन.

म्हणून माझं म्हणणं असं, की कळंब आणि आसपासच्या शाळांची किमान एक सहल तेरला व्हायलाच हवी. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. खर्च कमी, त्यामुळं पैशाअभावी कुणाचं लेकरू मागं राहत नाही. नुसत्या दर्शनाची नाही, अभ्यासाची सहल म्हणतोय मी.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रमार्गांची एक माहितीवही लिहिली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते, त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. तो सांगतो, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जातो. पण हे तगर नेमकं कुठलं, यावर पुढं विद्वानांत बराच घोळ झाला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. शेवटी 1901 च्या सुमारास फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ दिलं.

ही माहिती नुसती सांगून टाकू नका. महाराष्ट्राचा नकाशा, पट्टी आणि पेन्सिल द्या मुलांच्या हातात. पैठण ते तेर सरळ रेघ मारायला सांगा. साधारण दीडशे किलोमीटर भरतात. भागिले दहा दिवस, म्हणजे बैलगाडी रोज पंधराएक किलोमीटर चालली, वळणावळणाची वाट धरली तर थोडं जास्त. हिशेब पटतो! आणि ती रेघ कुठून जाते बघा. आपल्या कळंबला जवळजवळ चिकटूनच. आमच्या वर्गात हे लक्षात आलं तेव्हा मागच्या बाकावरचं एक पोरगं उभं राहून नकाशा बघायला पुढं आलं. एरवी ते इतिहासाच्या तासाला डुलक्या घेतं. (त्याच वेळी एकीनं चूक काढली, की हे पूर्व नाही, आग्नेय आहे. बरोबर आहे तिचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाची चूक आपल्या पोरीनं काढली म्हणून मी वहीत शेरा दिला.)

सहावीच्या 'प्राचीन भारत आणि जग' या पाठात रोमशी असलेल्या व्यापाराचा उल्लेख येतो, आपण तो दहा मिनिटांत उरकतो. त्याच पाठाच्या वेळी तेरच्या हस्तिदंती बाहुलीचं चित्र दाखवा. वीतभरही नसलेली ही स्त्रीमूर्ती. अशाच घडणीची एक मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत सापडली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचलेली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशाच जातीची एक मिळाली. त्यामुळं पॉम्पेईची मूर्ती आपल्याच बाजूच्या कारागिरांच्या हातची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. 'असावी' हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पुरावा कुठं संपतो आणि अंदाज कुठं सुरू होतो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

आता 'बेतानं' का म्हटलं ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तेरबद्दल वाट्टेल ते फिरतं. तेर म्हणजे रोमन नगरी, रोमन लोकांनी बांधलेली देवळं वगैरे. असलं मुलांना सांगू नका. तेरला रोमन अवशेष बघायचे म्हणून गेलात तर संगमरवरी खांब दिसणार नाहीत. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ दिसेल, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल, ते आपल्या मातीतलं काम. पांढरीच्या टेकाडांत निघाले ते रोमन धाटणीचे दिवे, मद्यकुंभांची खापरं, आणि रोमन नाण्यांची मातीतली नक्कल. ही नक्कल गळ्यात घालायचे बरं का, लॉकेटसारखी. परदेशी फॅशनचं वेड नवं नाही, एवढं कळलं की मुलं खुश होतात. सोनं तिकडून इकडं येत होतं. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं तर तक्रारच करून ठेवलीय, की भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. विणणारे, रंगवणारे, कोरणारे हात मात्र इथले होते. अभिमान वाटायचाच असेल तर त्या हातांचा वाटावा. रोमशी नातं निघालं म्हणून आपण मोठे, हे सांगणं म्हणजे त्या पोरीच्या 'मागास'ला पुन्हा खतपाणी घालणं.

संग्रहालय आधी दाखवा, देऊळ आणि टेकाडं नंतर. उलट केलंत तर टेकाड म्हणजे नुसता मातीचा ढीग दिसतो. "इथं काय बघायचंय सर?" हा प्रश्न मी झेललाय, म्हणून सांगतो. आणि ज्यांचं नाव त्या संग्रहालयाला आहे, त्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्याबद्दल दोन शब्द बोला. तेरचेच गृहस्थ. ना पुरातत्त्वाची पदवी, ना सरकारी हुद्दा. गावात, शेतात वर येणाऱ्या वस्तू त्यांनी गोळा केल्या, जपल्या. हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढं सरकारच्या ताब्यात गेला आणि संग्रहालय उभं राहिलं.

याच जागी एक अडचण येते, तीही सांगतो. आमच्या सहलीत एका मुलानं टेकाडावरचं खापर उचलून खिशात टाकलं. परतताना गाडीत कळलं. रागवायला गेलो तर म्हणतो, "लामतुऱ्यांनी बी उचललंच की सर." मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग गाडी थांबवून बोललो, की त्यांनी उचललं ते सगळ्यांना बघायला मिळावं म्हणून. आणि आता तर खापर कुठं, किती खोलवर, कशाशेजारी पडलंय यावरूनच अभ्यासकांना काळ कळतो, उचललं की ते सगळं पुसलं जातं. तो ऐकून घेत होता, पण पटलं असं तोंडावर दिसलं नाही. खापर मात्र त्यानं काढून दिलं. दुसऱ्या दिवशी मी ते संग्रहालयात नेऊन दिलं, कुठं सापडलं त्याचा त्यानं काढलेला कच्चा नकाशा सोबत जोडून.